आर्डिसबाईंच्या सहा झुकिन्या

ऑगस्ट लागला की दोन देशांच्या सीमेवरल्या टर्टल टेकड्यांच्या मुलखात लोक गाड्यांना कुलपं लावायला लागतात. एरवी अकरा महिने किल्ली गाडीतच लटकत असते, घराचं दार नुसतं लोटलेलं असतं, आणि कुणाचं काही जात नाही. ऑगस्टातही जात काहीच नाही. उलट येतं. गाडी उघडी टाकून चर्चमध्ये जावं आणि बाहेर येऊन बघावं, तर मागच्या सीटवर कोपरापर्यंत लांब चार झुकिन्या, काकडीच्या रूपातले भोपळेच ते, ऐसपैस बसलेल्या. कुणी ठेवल्या ते कळत नाही, आणि कळूनही उपयोग नसतो, कारण ठेवणारा त्या परत घेत नाही. झुकिनीची चार झाडं लावली तर एका घराला पुरून उरतात, आणि इथे प्रत्येक जण हट्टानं आठ लावतो. मग ऑगस्टात जो तो दुसऱ्याच्या दारात झुकिनी टाकून पळतो.

या कामात आर्डिस लोकन या बाईंचा हात धरणारं डाकोटाच्या बाजूला कुणी नव्हतं आणि मॅनिटोबाच्या बाजूला एकच होता. त्याच्याकडे येतोच.

आर्डिसबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. बांधा बुटका, केस स्वतःच स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापलेले, आणि चेहरा इतका साळसूद, की पाद्रीबाबा दानपेटीची किल्ली त्यांच्याकडे ठेवून निर्धास्त गावाला जात. एकतीस हिवाळे त्यांनी शाळेची बस चालवली. उणे तीस अंशांत इंजिन खाकरत असताना त्या चाकामागे बसायच्या आणि आरशातून चाळीस पोरांवर नजर ठेवायच्या. शिक्षा एकच. जो दंगा करील त्यानं पुढच्या बाकावर, बरोबर त्यांच्या पाठीमागे, येऊन बसायचं. ओरडणं नाही, घरी चिठ्ठी नाही. पण पुढच्या बाकावर बसलेल्या पोराकडे उतरताना सगळी बस बघायची, आणि त्या वयात तेवढं पुरतं. बाईंचा त्या पोरांवर मनातून लोभच असायचा. मागच्या बाकांवरची गुणी मुलं पुढे काय झाली ते त्यांना आठवत नाही; पुढच्या बाकावरची एकूण एक आठवतात.

नवरा मर्ल गेला आणि शेत विकलं गेलं, तेव्हा मर्लनं हौसेनं घेतलेली घरगाडी तेवढी त्यांनी ठेवली. चाकांवरचं घर ते. आत पलंग, चूल, न्हाणीघर, आणि पुढे बसून चालवायचं. एकतीस वर्षं बस हाकलेल्या बाईला ते म्हणजे हातचा मळ. ती घरगाडी घेऊन त्या सीमेवरच्या मोठ्या बागेत कॅम्पची यजमानीण म्हणून जाऊ लागल्या, त्याला यंदा सोळा उन्हाळे झाले. मे महिन्याच्या मध्याला जायचं, सप्टेंबरात परतायचं. जागा क्रमांक एक, स्प्रूसच्या दोन झाडांखाली.

बाग दोन देशांत आहे, दक्षिणेला डाकोटा, उत्तरेला मॅनिटोबा. फुलांच्या ताटव्यांमधून सीमारेषा जाते, आणि आत असेपर्यंत तिला कुणी विचारत नाही. गुलाब बघता बघता माणूस परदेशात जातो आणि पाणी प्यायला परत येतो. बाहेर पडताना मात्र ज्या देशात शिरायचं त्याच्या चौकीवर थांबावं लागतं. काय काय बरोबर आहे ते सांगावं लागतं. भाजी, फळ, माती, जळाऊ लाकूड, सगळं.

यजमानिणीचं काम म्हणजे आलेल्या घरगाड्यांना जागा दाखवायची, वीज-पाणी जोडून द्यायचं, कुत्र्यांवरून लागलेली भांडणं सोडवायची, आणि मैल्याच्या टाकीची नळी उघडी ठेवून चहा पीत बसलेल्या शहाण्यांना वेळेवर हाक मारायची. बसएवढ्या चकचकीत घरगाड्या घेऊन येणारे आणि त्या मागे घेता न येणारे पुरुष आर्डिसबाईंना विशेष प्रिय होते. त्या खुर्ची टाकून बसत, तीन वेळा गाडी झाडाला घासू देत, आणि मग विचारत की मदत करू का, की तुम्हाला व्यायाम करायचाय.

बागेच्या नियमाप्रमाणे कॅम्पला दोन यजमान, दोन देशांचे. मॅनिटोबाचा यजमान ओरेस्ट कोस्टियुक. धान्याच्या कोठारावर आयुष्य काढलेला विधुर, मिशा पांढऱ्या, पोट सुखी, आणि पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, इतक्या हलक्या करायचा की बायका चिडायच्या. त्याचा ट्रेलर आर्डिसबाईंच्या घरगाडीपासून पन्नास पावलांवर, पण परदेशात. दोघांच्या मधे भाजीचा एक वाफा. त्यातून पांढऱ्या दगडांची ओळ गेलेली. दगडांच्या दक्षिणेला बाईंचं राज्य, उत्तरेला ओरेस्टचं. बियाणं बाईंनीच दिलेलं, त्यामुळे दोन्हीकडच्या झुकिन्या सख्ख्या बहिणी.

पंधरा वर्षं या दोघांचं युद्ध चालू होतं. तोंडानं कुणी एक शब्द काढत नसे. बाईंना आपल्या टपालपेटीत झुकिनी मिळे, आठवड्यानं ओरेस्टला त्याच्या अकॉर्डियनच्या पेटीत मिळे. एकदा तो गमबूट घालायला गेला तर दोन्ही पायांना झुकिन्या. एकदा बाई झोपायला गेल्या तर उशीवर एक जणी आधीच झोपलेली, हनुवटीपर्यंत पांघरूण घेऊन. या युद्धाला एकच नियम होता आणि दोघांनी तो कधी मोडला नव्हता: जी गाडी चौकीवरून जाणार, त्या गाडीत काही ठेवायचं नाही. थट्टा बागेत राहिली पाहिजे. चौकीवरच्या माणसाला हसायचा पगार मिळत नाही.

यंदाचा उन्हाळा मात्र बाईंना जड जात होता. मुलगा कर्टिस मायनॉटला असतो. त्याच्या तळघरात त्या हिवाळा काढत. कर्टिस वाईट नाही, पण काळजीखोर आहे, आणि काळजीखोर माणसापुढे वाईट माणूस परवडतो. त्यानं म्हाताऱ्यांच्या एका निवासाचं माहितीपत्रक आणून ठेवलं होतं. त्यावर चार म्हाताऱ्या एका फुग्याकडे बघून हसत होत्या. आर्डिसबाईंनी त्याला सांगितलं होतं की बाग बोलावते तोवर मी जाणार, ज्या वर्षी बोलावणार नाही त्या वर्षी तू म्हणशील तिथे येऊन फुग्याकडे बघत बसेन. आणि लोकन घराण्यात दिलेला शब्द फिरवत नाहीत. ही त्या घराण्याची एकमेव खोड, पण आहे.

आणि यंदा बागेच्या कॅम्प समितीवर नवे अध्यक्ष आले, प्रिचर्डसर. गावातल्या मोठ्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं आणि त्या नादात स्वतः हसायचं विसरले होते. यजमान ठेवायचेच कशाला, दारात एक यंत्र बसवलं की पावती तेच देईल, असं समितीत चाललं होतं. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सर स्वतः कॅम्प बघायला येणार होते, आणि त्यावर पुढच्या वर्षीचं ठरणार होतं.

बाईंनी जुलैतच कॉफी पिता पिता हे सगळं ओरेस्टच्या कानावर घातलं होतं. तो म्हणाला होता, की आर्डिस, एक शनिवार सभ्य बाईसारखी वाग, तुला जमेल. त्यांनी कबूल केलं होतं. मनापासून केलं होतं.

त्या शनिवारी सकाळी सर यायच्या तासभर आधी त्यांनी सूचनाफलकाची काचपेटी उघडली. आत झुकिनी. तिला चष्मा लावलेला, आणि छातीवर बिल्ला: आर्डिस लोकन, यजमान. सरांनी पहिली नजर टाकली असती ती त्या फलकावर. बाईंनी ती झटकन एप्रनखाली घेतली. पन्नास पावलांवर ओरेस्ट ट्रेलरच्या पायरीवर बसून बटाटे सोलत होता आणि आभाळाकडे इतकं निरागसपणे बघत होता, की बाईंची सभ्यता तिथेच संपली.

सर आले, सगळं बघून झालं, आणि दुपारी बारा वाजता मंडपात जेवण लागलं. प्रत्येकानं आपापला पदार्थ आणायचा, अशी इथली रीत. वर बटाट्याचे गोळे रचून ओव्हनमध्ये भाजलेला हॉटडिश, कोबीचे रोल, गाजर घातलेली जेली (कुणी खात नाही, पण नसली तर चौकशी होते), रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या, ओरेस्टच्या पेरोगी. भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, आणि पट्टीवर भांडेवाल्याचं नाव. चिकटपट्टीवर ज्याचं नाव, वस्तू त्याची, याबद्दल या मुलखात वाद होत नाही.

सगळे पानावर बसल्यावर आर्डिसबाई उठल्या आणि मीठ आणते म्हणून सटकल्या. ओरेस्टनं त्याच आठवड्यात नवा करडा पिकअप घेतला होता. तो सोमवारपर्यंत हलणार नव्हता, म्हणजे नियमात बसत होता. मंडपामागे करडा पिकअप उभा होता, खडीच्या धुळीनं माखलेला, उघडा. बाईंनी आपल्या वाफ्यातल्या सहा झुकिन्या एप्रनच्या ओच्यात घेतल्या. गेल्या वर्षी ओरेस्टनं ही माझी नव्हेच म्हणून कानावर हात ठेवले होते. तेव्हा या वेळी सहाही जणींच्या पोटाला चिकटपट्टी लावून त्यावर ठळक लिहिलं: ओरेस्ट कोस्टियुक. मागच्या सीटवर एक घोंगडी होती. तिच्याखाली सहाही जणींना ओळीनं निजवलं, घोंगडी नीट केली आणि त्या मीठ घेऊन मंडपात परत आल्या. सगळं मिळून चार मिनिटं लागली. नंबराची पाटी बघायला अर्धं मिनिट आणखी लागलं असतं.

एक वाजता प्रिचर्डसर उठले, आभार मानले आणि मंडपामागे गेले. करड्या पिकअपचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. आर्डिसबाईंनी समोर पाहिलं, तर ओरेस्ट त्यांच्यासमोरच बसून तिसऱ्यांदा पेरोगी वाढून घेत होता. हातातला काटा त्यांनी खाली ठेवला. धावण्यात अर्थ नव्हता. चौकी बागेच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे.

अर्ध्या तासानं पिकअप परत आला, आणि त्याच्यामागून डाकोटाच्या चौकीची गाडी. तिच्यातून उतरला वेंडेल अझूर. उंचनिंच, कमरेला पट्टा, टोपी सरळ. सातवीचं आख्खं वर्ष या वेंडेलनं बाईंच्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसून काढलं होतं. त्यानं सहा झुकिन्या टेबलावर एका ओळीत मांडल्या, पट्ट्या वर करून. शेजारी रूबार्बच्या वड्यांचं ताट होतं, त्यात शेवटची एक वडी उरलेली. शेवटचा तुकडा उचलायचा नाही ही इथली दुसरी रीत. जो येई तो तिचा अर्धा कापून नेई, म्हणून ती आता नखाएवढी झाली होती.

झालं होतं असं. वेंडेलनं सरांना विचारलं की बरोबर काही भाजीपाला आहे का. सर म्हणाले, नाही. वेंडेलनं कामाचा भाग म्हणून घोंगडी उचलली. सर आता टेबलाशी उभे राहून हळू आवाजात सांगत होते, की बत्तीस वर्षांत मी खोटं बोललो नाही, आणि आज सरकारी चौकीवर खोटा ठरलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांची बायको मूळची मॅनिटोबाची, तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, म्हणून तिकडे तिच्या बहिणीजवळच्या शुश्रूषागृहात ठेवलेली. सर आठवड्यातून चारदा तिला जेवण भरवायला सीमा ओलांडून जात. चौकीच्या संगणकात एकदा नाव चढलं, की दर वेळी परतताना गाडी पायपोसापर्यंत उलटीपालटी होणार. हे सगळं त्यांनी सांगितलं नाही. ते वेंडेलला ठाऊक होतं, आणि टेबलाशी बसलेल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

वेंडेलनं पट्टीवरचं नाव वाचलं आणि ओरेस्टकडे बघितलं. ओरेस्ट उठून आला, चष्मा लावला, अक्षर निरखलं. पंधरा वर्षं तो हे अक्षर सूचनाफलकावर वाचत होता. मग त्यानं एकदा आर्डिसबाईंकडे पाहिलं.

"माझ्याच," तो म्हणाला. "नाव लिहिलंय की."

"सरांच्या गाडीत कशा आल्या?"

"माझ्या गाडीत ठेवायला गेलो. डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही करड्या."

"तुझ्या वाफ्यातल्या? म्हणजे मॅनिटोबात पिकलेल्या?"

"आता मी मॅनिटोबाचा, तर झुकिनी काय पॅरिसची असणार?"

वेंडेलनं सुस्कारा सोडला. तो म्हणाला की मग माझा नाइलाज आहे. परदेशी भाजी, न सांगता आणलेली. नोंद करावी लागेल. इथलीच असती, डाकोटाच्या मातीतली, तर बाहेरून काही आणलंच नाही असं झालं असतं आणि प्रश्नच मिटला असता. सरांनी मान खाली घातली.

आर्डिसबाईंनी तोपर्यंत हातातल्या रुमालाचा पार बोळा केला होता. गप्प बसलं तर सगळं ठीक होतं. ओरेस्टला काय, त्याच्या मागे मायनॉट नव्हतं, फुगा नव्हता. त्यानं ते जाणूनच केलं होतं, आणि त्या मिशाळ माणसाबद्दल त्यांच्या पोटात अशी काही माया दाटून आली, की त्यांना स्वतःचाच राग आला. पण सर तिकडे चमच्यानं बायकोला भरवणार आणि इकडे चोरासारखे तपासले जाणार, आपल्या झुकिन्यांपायी. ते त्यांना सोसेना. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत सफाईदार काम होतं, चार मिनिटांत सहा, आणि ते ओरेस्ट कोस्टियुकच्या नावावर जमा होत होतं.

"वेंडेल," त्या म्हणाल्या, "त्या माझ्या आहेत. डाकोटाच्या. पट्टी मी लावली, अक्षर माझं."

"हिचं मनावर घेऊ नका," ओरेस्ट घाईघाईनं म्हणाला. "वय झालंय तिचं."

"तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे मी. आणि तुला सहा झुकिन्या एका दमात उचलता तरी येतात का? चला वाफ्यावर. मी दाखवते."

मग सगळी वरात वाफ्यावर गेली. पुढे वेंडेल झुकिन्यांची टोपली घेऊन, मागे सर, त्यांच्यामागे दोन देशांचे यजमान, आणि मागून हातातल्या बशा तशाच घेऊन सारा कॅम्प. आर्डिसबाई तिरका काप घेतात आणि देठाचा बोटभर बुडखा झाडावर ठेवतात. वेंडेल गुडघ्यांवर बसला आणि एकेक झुकिनी घेऊन तिचा देठ बुडख्याशी जुळवायला लागला. असा पंचनामा त्या चौकीच्या इतिहासात झाला नसेल. पहिली जुळली, डाकोटा. दुसरी डाकोटा. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या दगडांच्या दक्षिणेला. लोक मोजत होते.

सहावीचा बुडखा सापडेना. शेवटी सापडला तो दगडांपलीकडे. झाडाचं मूळ डाकोटात होतं, पण ते उन्हाळाभर पसरत पसरत दगडांवरून पलीकडे कललं होतं, आणि फळ धरलं होतं ते मॅनिटोबात. वेंडेल बराच वेळ त्या मुळाकडे आणि त्या बुडख्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं सहावी झुकिनी उचलली, हलकेच ओरेस्टच्या बाजूच्या मातीवर ठेवली आणि गुडघे झटकले.

"ही आपली आपण घरी गेली," तो म्हणाला. "माझ्याकडे पाचच आल्या होत्या. सर, तुमच्या नावावर काही नाही."

आता फक्त सर उरले होते. त्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की चूक माझी, गाडी ओळखण्यात चुकले. ठेवण्यात चुकले असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. लोकन घराण्यात खोटंही बोलत नाहीत. सरांनी त्यांच्याकडे बघितलं, वाफ्याकडे बघितलं, दगडांकडे बघितलं.

"हे वेगळं आहे," ते म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या बायकांनी श्वास रोखला. या मुलखात कुणी कुणाला शिव्या देत नाही, आवाज चढवत नाही. जेली फसली, नवरा पळाला, चर्चला आग लागली, तर लोक म्हणतात हे वेगळं आहे. त्यापुढे शब्द नाही. सर चालत मंडपात गेले, ताटातली रूबार्बची ती नखाएवढी शेवटची वडी उचलून त्यांनी तोंडात टाकली आणि गाडीत बसून निघून गेले. शेवटचा तुकडा उचललेला माणूस त्या कॅम्पनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पुढचे पंधरा दिवस आर्डिसबाई टपालपेटी उघडत राहिल्या. दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या उन्हाळ्याचं पत्र येई. या वर्षी आलं नाही. ओरेस्टलाही आलं नाही. संध्याकाळी तो पेरोगी घेऊन येई आणि दोघं बोलत बसत, हवेबद्दल. त्यानं एकही झुकिनी टाकली नाही आणि बाईंनीही नाही. युद्ध असं सभ्यपणे थंडावलेलं बघवत नव्हतं. कर्टिसचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, की त्या निवासात खिडकीतून काय दिसतं. तो म्हणाला वाहनतळ. बरं, त्या म्हणाल्या, गाड्या तरी असतील.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी कॅम्प उठला. आदल्या दिवशी आवराआवरीच्या जेवणाला समितीही आली होती. प्रिचर्डसर दूरच्या टोकाला बसले होते आणि हवेबद्दल बोलत होते. रविवारी सकाळी आर्डिसबाईंनी खुर्ची मिटली, नळ्या काढल्या, स्प्रूसच्या बुंध्याला एकदा हात लावला. ओरेस्टनं नेहमीसारखी टोपी उचलली. येते, म्हणाल्या. ये, तो म्हणाला. एरवी हा निरोप तासभर चालायचा. आज कुणालाच लांबवता आला नाही.

चौकीवर वेंडेलच होता.

"काही सांगण्यासारखं, लोकनबाई? भाजी, फळ, माती?"

आर्डिसबाई म्हणाल्या, की थांब जरा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या गाडीचा भरवसा वाटेना. त्यांनी ओव्हन उघडून पाहिला. पलंगाखाली वाकल्या. टोपीच्या डब्यात, बुटांत, कॉफीच्या किटलीत पाहिलं. कुठेच काही नव्हतं. चौकीवरून जाणाऱ्या गाडीत ठेवायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला, तो ओरेस्टनं पाळला होता, तरी रिकाम्या किटलीकडे बघून त्यांना भरून आलं. सोळा उन्हाळे संपले, आणि सोबत एक झुकिनीही नाही. त्या पुढे येऊन चाकामागे बसल्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"बाहेरचा कप्पा उघडतो," वेंडेल म्हणाला.

"त्यात मैल्याची नळी आहे. तुझी हौस असेल तर उघड."

त्यानं उघडला. बराच वेळ तो तिकडे वाकलेलाच राहिला. परत आला तेव्हा त्याच्या हातात, वर्तमानपत्रात स्वच्छ गुंडाळलेली, तान्ह्या मुलाएवढी झुकिनी होती. पोटाला चिकटपट्टी, आणि पट्टीवर सरळ, टपोरं, फळ्यावर लिहावं तसं मुख्याध्यापकी अक्षर: आर्डिस लोकन. खाली बारीक: डाकोटात पिकलेली, मूळ आणि फळ दोन्ही दगडांच्या दक्षिणेला असल्याची खात्री करून मी स्वतः तोडली. गॉ. प्रिचर्ड. देठाला दोऱ्यानं पितळी बिल्ला बांधला होता. यजमान, जागा क्रमांक एक, आणि त्याखाली पुढचं साल.

आर्डिसबाईंनी बिल्ला उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. नाकाचा शेंडा लाल झाला होता, तो त्यांनी बाहीनं पुसला.

"भाजी कायदेशीर आहे," वेंडेल गंभीरपणे म्हणाला. "पण तुम्ही काही नाही म्हणालात. मला वर विचारावं लागेल. तोवर तुम्ही—" त्यानं चौकीच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल अशा लाकडी बाकाकडे बोट केलं. "पुढच्या बाकावर बसा."

हे म्हणायला तो सातवीपासून थांबला होता. आर्डिसबाई मुकाट्यानं उतरल्या आणि मांडीवर झुकिनी घेऊन बाकावर बसल्या. वेंडेल आत गेला आणि फोन कानाला लावून पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बाईंनीही पिशवीतून फोन काढला, कर्टिसला लावला आणि सांगितलं की ते माहितीपत्रक दुसऱ्या कुणाला दे, मला पुढच्या मेमध्ये काम आहे. तो काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी मान वळवली. बाकापासून दहा पावलांवर चौकीची गाडी उभी होती. ऑगस्ट संपला म्हणून वेंडेलनं तिला कुलूप लावलेलं नव्हतं.